संकुलातली वधूपक्षाची खोली

बाबूअण्णांनी खोटं ऐकलं की त्यांना शिट्टी फुंकावी लागते. आयुष्यभर आसपासच्या गावांत कबड्डीचे पंच म्हणून उभे राहिले, आता शिट्टी काही सुटत नाही. नारायणगावच्या बाजारात एकाने क्रेटमध्ये वर लाल आणि खाली कच्चे टोमॅटो भरले होते, तर अण्णांनी भर लिलावात शिट्टी मारली. पुतण्याच्या साखरपुड्यात मामांनी नवरदेवाला इंजिनिअर म्हटलं, तेव्हाही मारली. वर म्हणाले, "रेषा म्हंजे रेषा, राव."

आमच्या गावात बाजारतळाला लागून एक मोकळं मैदान होतं. संध्याकाळी अण्णा तिथे मुलींना कबड्डी शिकवायचे. शिकवायचे म्हणजे ओरडायचे. मुली कळंबला सामना जिंकून आल्या, तेव्हाही "शेवटची पकड लई ढिली व्हती" एवढंच बोलले.

त्याच मैदानावर सरकारी पैशातून क्रीडा संकुल मंजूर झालं. दोन पुढाऱ्यांना एका मांडवात बसायचं नव्हतं म्हणून भूमिपूजनाचा नारळ दोनदा फुटला. खड्डा एकच होता.

ग्रामसभेत नकाशा लावला. अण्णांनी तो अगदी नाक टेकवून वाचला. पुढे रस्त्याच्या बाजूने दुकानांचे गाळे, आत गुळगुळीत फरशीचा हॉल, मागे भटारखाना आणि कोपऱ्यात दोन खोल्या. एकीवर लिहिलं होतं 'वधूपक्ष', दुसरीवर 'वरपक्ष'. ठेकेदाराने आपल्या जुन्या मंगल कार्यालयाचा नकाशा उचलून वरचं नाव तेवढं बदललं होतं.

"सरपंच, आमच्या पोरींनी कंच्या खोलीत बसायचं?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ते खोडू की. कबड्डी हॉलमधीच व्हईल."

"फरशीवर? पोरीचा गुडघा हातात यील."

"मॅट टाकू ना नंतर."

अण्णांनी शिट्टी फुंकली. सभा हसली. मग नकाशाच्या मंजुरीसाठी हात वर झाले, आणि त्यांत माझाही होता. माझं स्टेशनरीचं दुकान तेव्हा पत्र्याखाली होतं आणि सरपंचांनी मला रस्त्याकडेचा गाळा कबूल केला होता. अण्णांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि शिट्टी खिशात टाकली. तेव्हा त्यांनी ती वाजवायला हवी होती.

संकुलात पहिला कार्यक्रम झाला तो सरपंचांच्या मेव्हणीच्या लग्नाचा. मॅट आजवर आली नाही. चावी सरपंचांकडे, आणि मुलींनी ती मागितली की त्या दिवशी नेमकी लग्नाची तारीख असते. खेळाच्या नावावर पैसा आणून पंगती उठवणाऱ्या या माणसांची मला चीड येते. गाळ्यात बसून वह्या विकताना स्वतःचीही येते.

मुली आता खेळतात तरी कुठे, हे बघायला परवा अण्णांच्या घरी गेलो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, अण्णा एकटेच राहतात. दारात काकूंनी लावलेला चिकू होता. त्याखाली अण्णा कुणाला मोटरसायकलसुद्धा लावू देत नसत. तो तिथे नव्हता. माती चाळून अंगण सपाट केलेलं, चुन्याच्या फक्कीने पांढरं मैदान आखलेलं, आणि त्यात मुली खेळत होत्या.

"अण्णा, चिकू?"

"मधी येत व्हता."

"मैदान जरा सरकवायचं."

"तिकडं खडक हाये." ते पायाने माती सारखी करत राहिले. "तोडायच्या आधी हिच्या फोटोला सांगितलं. हिला पोरींची लई हौस. आमाला एकबी न्हाई झाली."

तेवढ्यात एक मुलगी पडली. अण्णा धावत गेले, धोतराच्या सोग्याने तिचं कोपर पुसलं, नीट वाकवून बघितलं, आणि मग तिच्यावर ओरडले.