शेंदराखालचे बाबा

"तू फक्त बघ, उज्वला! आपल्या घराण्याचा इतिहास मी असा लख्ख करून ठेवतो, की पुढच्या सात पिढ्यांना शंका म्हणून उरणार नाही!"

इंदिरानगरच्या फ्लॅटला कुलूप घालता घालता सोमनाथ बेंडकुळेने ही घोषणा केली. सोमनाथ शाळेत इतिहास शिकवायचा. पोरांना झोपेतून उठवून तो सनावळ्या विचारायचा, कारण त्याच्या तासाला बरीचशी पोरं झोपलेलीच असायची.

"इतिहास करा लख्ख," उज्वला पिशवी उचलत म्हणाली, "पण त्या दगडाला हात लावू नका म्हणजे झालं."

तो दगड म्हणजे सोमनाथच्या खापरपणजोबांची, खंडेरावबाबांची समाधी. घोटीच्या पुढे सावरखिंड म्हणून गाव आहे, तिथे बेंडकुळ्यांच्या भातखाचराच्या कडेला. बाबा मोठे घोडेस्वार होते आणि दगडावर त्यांची घोड्यावर बसलेली आकृती कोरलेली आहे, हे घरातल्या प्रत्येक पोराला बोलायला लागायच्या आधीच ठाऊक असायचं. आता तो घोडा प्रत्यक्षात कोणी पाहिलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी. सणासुदीला शेंदूर चढत चढत दगडाचा तांबडालाल भोपळा झाला होता.

यंदा सोमनाथच्या चुलत्यांनी, मोतीराम तात्यांनी, समाधीवर सिमेंटची छत्री बांधून घेतली होती. उद्या आखाजी, पितरांचा सण. नाशिक, इगतपुरी, कल्याण, सगळीकडचे भाऊबंद येणार होते. एवढ्या गोतावळ्यासमोर घोडा दिसायला नको? म्हणून आज शेंदूर खरवडायचा, बाबांवर नवा पातळ लेप द्यायचा आणि उद्या तात्यांना चकित करायचं, असा सोमनाथचा बेत!

गावात पोचल्यावर कळलं की तात्या घोटीला किराणा आणायला गेलेत. सोमनाथने संधी साधली. उज्वला छत्रीतली पितळी घंटा लिंबाने घासायला बसली आणि हा तारेची घासणी घेऊन बाबांवर तुटून पडला.

"अहो, जपून!"

"पुरातत्त्वाचं काम आहे हे. तुला नाही कळायचं."

एवढ्यात कडकन आवाज झाला आणि कलिंगडाची फोड निघावी तसं शेंदराचं अख्खं कवच निघून सोमनाथच्या मांडीवर पडलं.

"दिसला का घोडा?" उज्वलाने विचारलं.

दगडावर घोडा नव्हता. घोड्याची शेपूटसुद्धा नव्हती. तिथे जाड, वेड्यावाकड्या अक्षरांत कोरलेलं होतं : पुंजाजी गतीर.

"गतीर?" उज्वलाच्या हातातलं लिंबू घरंगळत खाचरात गेलं.

आता गतीर कोण ते सांगायला हवं. गतीरांचं खाचर बेंडकुळ्यांच्या खाचराला लागून. मधल्या बांधावरून तात्यांचं आणि त्यांचं कधीकाळी असं भांडण झालं होतं, की तेव्हापासून बोलणं बंद. गतीरांच्या घरावरून वारा येतो म्हणून तात्यांनी पूर्वेची खिडकी बुजवून टाकली होती! आणि त्याच गतीरांच्या पूर्वजाला बेंडकुळे इतकी वर्षं लोटांगणं घालत होते. त्याच्यावर छत्री बांधली होती. उद्या त्याच्या नावाने पुरणपोळ्यांच्या पंगती उठणार होत्या!

तेवढ्यात बांधावरून तात्यांची फटफटी ऐकू आली. सोमनाथने गळ्यातला टॉवेल ओढून दगडाला गुंडाळला.

"काय रे सोमा? बाबांना काय झालं?"

"काही नाही, तात्या. अंघोळ घातली."

"अन् टॉवेल?"

"पुसतोय!"

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिकलेलं पोरगं, पण श्रद्धा बघ! उद्या त्या गतीरांना दिसू दे घराणं कशाला म्हणतात ते. जळून खाक झाले पाहिजेत!"

तात्या पुढे गेले आणि सोमनाथने टॉवेल आणखी घट्ट आवळला. उद्या पूजेच्या वेळी टॉवेल काढावाच लागणार होता. गतीरांना कळलं तर काठ्या निघतील. तात्यांना कळलं तर पहिली काठी आपल्याच पाठीत बसेल.

"नवसाबाई आत्यांना विचारा," उज्वला म्हणाली. "त्यांना जुनं सगळं आठवतं."

तात्यांची थोरली बहीण नवसाबाई ओसरीवर कुरडया निवडत होती. सोमनाथने आडून आडून विषय काढला.

"आत्या, आपला दगड इथे आला कसा गं?"

"कसा म्हंजे? बैलगाडीतून! धरणात जुनं गाव बुडालं नाय का! पाणी चढत व्हतं, वरून पाऊस, मानसं रडत्यात, गुरं हंबरत्यात. गाडी एकच मिळाली. तिच्यात आपला बाबा अन् गतीरांचा बाबा शेजारी शेजारी बसून आले. तवा भांडण नव्हतं ना."

"मग उतरवताना?"

"अंधार पडला व्हता. दोन्ही दगड शेंदराचे. तुझ्या आजानं एक उचलला, त्यांनी एक उचलला." आत्याने एक मोडकी कुरडई बाजूला टाकली. "का रं?"

"काही नाही. सहज."

उज्वलाने त्याला मागच्या दारी नेलं. "शेंदूर फासा आणि गप्प बसा. इतकी वर्षं चाललं, पुढेही चालेल."

"आणि खंडेरावबाबा तिकडे परक्याच्या शेतात? मी इतिहासाचा शिक्षक आहे, उज्वला! आधी खात्री करतो. गतीरांच्या दगडावर घोडा असला, तर चूक दुरुस्त झालीच पाहिजे."

भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, सोमनाथ बांध ओलांडून गेला. पिशवीत घासणी, तेलाची बाटली, शेंदराची पुडी आणि घाईत तशीच राहिलेली कापलेली लिंबं. ऊन लागू नये म्हणून उज्वलाने खिशात कांदा कोंबला होता. गतीरांची समाधी आंब्याखाली होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्याने कोपऱ्यात अगदी हलक्या हाताने खरवडायला सुरुवात केली. तरी घासणी अशी करकरत होती, की आवाजाने कोणीतरी जागं होईल असं त्याला वाटलं.

आधी एक खूर दिसला. मग पाय. मग छान झुपकेदार शेपूट!

"बाबा!" सोमनाथने शेपटीला हात जोडले. त्याच क्षणी त्याची कॉलर मागून कोणीतरी धरली.

"काय करतो रं आमच्या बाबाला?"

सहादू गतीर! उंचीला आंब्याच्या फांदीएवढा, आणि हाताचा पंजा असा की सोमनाथची कॉलर, मान आणि एक कान एकाच मुठीत मावले होते. त्याने पिशवी उलटी केली. शेंदूर, तेल, कापलेली लिंबं. मग खिसा चाचपला. कांदा.

सहादूचा चेहरा पांढरा पडला. "करणी! आये, ए आये! बेंडकुळ्यांचा मास्तर आपल्यावर करणी करतोय!"

बघता बघता घरातून, गोठ्यातून, आंब्यावरून गतीर निघाले. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात विळा, तिसरा नुसताच बाह्या सरसावत होता.

"अहो, लिंबू घंटेसाठी आहे!"

"कोणाची घंटा वाजवायला आलता?"

"आणि कांदा उन्हासाठी!"

"आता उनाचं नाव सांगतो! अमावस्या नुकतीच झालीय, अन् लिंबू घेऊन आलाय!"

काठी वर गेली. आपल्या मृत्यूची तारीख आखाजीच्या आदल्या दिवसाची पडणार, म्हणजे पोरांना पाठ करायला सोपी, असा एक विचित्र विचार सोमनाथच्या डोक्यात येऊन गेला. त्याने डोळे मिटले आणि तो ओरडला, "हे तुमचे बाबा नाहीत! हे आमचे आहेत! तुमचे आमच्याकडे आहेत!"

काठी पाठीत बसली नाही. त्याने हळूच एक डोळा उघडला. सहादूची म्हातारी आई शकुबाई काठी टेकत समोर आली होती.

"सोड त्याला, सहादू," ती म्हणाली. "खरं बोलतोय."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" सोमनाथने विचारलं.

"पहिल्याच पावसाळ्यात. शेंदूर वाहून गेला अन् घोडा दिसला. आमच्या घराण्यात घोडा कुठला? आमच्यात कुनी गाढवावर बसलेला नाय!"

"मग सांगितलं का नाही? बदलून का नाही घेतलात?"

शकुबाई खाली बसली. "कशाला बदलायचा? आमचा पुंजाजी म्हंजे आग्या वेताळ. माझी सासू सांगायची, जित्तेपणी त्यानं भावाचं भावाशी पटू दिलं नाय. तो तुमच्याकडं गेला अन् आमच्या घरात शांतता आली. ही सगळी भावंडं आजपन एका चुलीवर जेवत्यात. तुमचं कसं काय?"

तात्या आणि त्यांचे भाऊ एकमेकांची ख्यालीखुशाली वकिलाच्या नोटिशीतूनच विचारायचे.

"तरीपण चूक ती चूक," तो चिकाटीने म्हणाला. "उद्या पहाटे गुपचूप अदलाबदल करू."

"आमच्या बाबाला हात तर लावून बघ!" सहादूने पुन्हा काठी उचलली.

"पण ते आमचे बाबा आहेत!"

"व्हते! आता आमचे हायेत!"

शकुबाईने हात वर करून दोघांना थांबवलं. "बाबा जिथं रमले तिथं राहू दे. पन मास्तर, आमच्या पुंजाजीवर छत्री चढली, उद्या पंगत उठणार, अन् आम्हालाच आवतन नाय? रक्ताची मानसं आहोत आम्ही."

"या ना," सोमनाथच्या तोंडून निघून गेलं. त्या क्षणी त्याने अख्ख्या तालुक्याला आवतन दिलं असतं.

रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे उठून त्याने पुंजाजींना तेल-शेंदराचा असा जाड लेप दिला, की अक्षरं पुन्हा पाताळात गेली.

आखाजीचा मांडव भरला. भाऊबंद आले, पितरांच्या घागरी भरल्या, आमरसाची पातेली आली. तात्या नवा फेटा बांधून छत्रीखाली उभे राहिले आणि तेवढ्यात बांधावरून गतीरांची रांग येताना दिसली. पुढे शकुबाई, मागे सहादू, त्याच्यामागे बायकापोरं.

तात्यांचा चेहरा शेंदरापेक्षा लाल झाला. "यांना कोणी बोलावलं?" ते पुटपुटले आणि त्यांनी कोपऱ्यातली काठी हातात घेतली. सहादूही थांबला. त्याच्या मुठी आवळल्या गेल्या. सोमनाथने उज्वलाचा हात घट्ट धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत.

शकुबाईने कोणाकडेच पाहिलं नाही. ती सरळ छत्रीखाली गेली, दगडासमोर गुडघे टेकून तिने डोकं ठेवलं आणि हुंदका देत ती म्हणाली, "बाबा, लय वर्षांनी पाया पडते. रागावू नका. बरे हायेत ना?"

तात्यांची काठी हळूहळू खाली आली. त्यांना वाटलं, गतीर बेंडकुळ्यांच्या खंडेरावाची माफी मागायला आलेत! त्यांचा फेटा हलला, आणि त्यांनी पुढे होऊन सहादूला कडकडून मिठी मारली. सहादूला काय करावं ते कळेना, म्हणून त्यानेही तात्यांना उचलून धरलं.

"बघा बाबांची ताकद!" जमिनीवर परत आल्यावर तात्यांनी माइक हातात घेतला. "आजपासून वैर संपलं! पुढच्या आखाजीला आपण सगळ्यांनी गतीरांच्या पुंजाजीच्या पाया पडायला जायचं! त्यांचे बाबा ते आपले बाबा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सोमनाथ बघत राहिला. इतिहासाची चूक कोणालाही न कळता दुरुस्त झाली होती, आणि त्याला एक शब्दही बोलावा लागला नव्हता! उज्वला कानाशी म्हणाली, "आता तरी तोंड बंदच ठेवा."

तात्या रंगात आले होते. "आमचे खंडेरावबाबा म्हणजे पक्के माळकरी! उभ्या जन्मात कांदा-लसूण शिवले नाहीत! म्हणून तर त्यांना पुरणाचाच नैवेद्य!"

पंगत बसली. सोमनाथने आमरसात पोळी बुडवली, तोच शेजारी बसलेली शकुबाई त्याच्याकडे झुकली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"मास्तर, तुमचे तात्या हे काय बोलत्यात? पुढच्या वर्षी येणार म्हणता, मग आत्ताच सांगून ठिवा त्यांना. तुमच्या खंडेरावाला आमच्याकडं गावठी कोंबड्याबिगर चालत नाय."

सोमनाथने माइककडे पाहिलं. मग तात्यांच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"वाढा जरा आमरस," तो वाढप्याला म्हणाला.