पेद्रूमामाची झोळी

दान मागायला आलेला माणूस दान परत करतो, असं कुठं पाहिलंय तुम्ही? आमचा पेद्रूमामा करतो. पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होता, आता म्हातारा झालाय, आमच्या शेजारी एकटा राहतो, आणि इगर्जीतल्या, म्हणजे आम्हा किरिस्तावांच्या देवळातल्या, आंधळ्या-पांगळ्यांच्या जेवणासाठी झोळी घेऊन पेठापेठांतून फिरतो. बुधवारातल्या एका बाईने शिवायला नको म्हणून लांबूनच तांदूळ टाकले. मामाने मूठभर नाकाशी नेले.

"बाईसाहेब, हे आपल्या घरात कोण खातं?"

"कोणी नाही."

"मग आमच्यातही कोणी नाही." आणि झोळी तिच्या उंबऱ्यावर उलटी केली! त्यात आधीच्या घरांचे चांगले तांदूळपण गेले, मग तेच वेचत बसला, शिव्या देत.

मला त्याची फार भीती. माझ्या लुसीचा पाय आत वळलेला, टेकतच नाही. नवरा मोहिमेवर, त्याने पोर पाहिलेलीच नाही. सासूबाई म्हणतात, कळलं तर वस्ती आईबापाचं पाप म्हणेल, बाहेर दिसली तर गोव्याला पाद्रींकडे टाकून येईन. म्हणून मी तिला गोधडीत गुंडाळून ठेवते, आणि मामा दारात आला की म्हणते, ताप आहे.

"दोन वर्षं ताप?" तो ओरडायचा. "अगं, तोफसुद्धा मधे थंड होते!"

आमच्यात सणाच्या जेवणाची रीत अशी, की तांदूळ मामाच्या झोळीतले, चूल ज्याची त्याची. प्रत्येक घराने एका आंधळ्या-पांगळ्याला आपल्या मेलेल्या माणसाच्या नावाने पानावर बसवायचं. तेवढा वेळ तो त्या घरचाच, हाकही त्याच नात्याने मारायची. आणि दार लावायचं नाही, मेलेल्याला आत यायचं असतं.

परवा सणाला सासूबाई आमचा आंधळा, त्यांच्या मेलेल्या सासऱ्यांच्या नावाने बसायचा तो, आणायला इगर्जीत गेल्या, तेवढ्यात मामा वाढलेली पत्रावळ घेऊन सरळ आत.

"ताप आहे हो तिला!"

"असू दे. माझ्याकडे पानावर बसायला कोणी तयार नाही. सगळ्यांना शिव्या घालून ठेवल्यात मी." आणि गोधडी बाजूला केली. पाय उघडा. मी धावले दाराकडे, लावून घ्यायला.

"लावू नको. आई यायचीय माझी."

आणि आल्या सासूबाई, आंधळ्याला हाताला धरून, "मामंजी, उंबरा आहे, जपून," असं म्हणत. मागे शेजारणी.

"पेद्रू! झाक तिला!"

"वहिनी, पानावरच्याला झाकत नाहीत."

"उद्याच धाडते गोव्याला!"

"कोणाला?" आंधळ्याने विचारलं. शेजारणी माना लांब करून बघताहेत, उद्यापासून वस्तीत तोंड मला दाखवायचं, मामाला काय! पण माझ्याच तोंडून निघून गेलं, "माझ्या लुसीला. पांगळी आहे."

आंधळा सासूबाईंकडे वळला. "सूनबाई," तो सासूबाईंना म्हणाला, "मला तिच्या शेजारी बसव. आणि या घरातून कोणी कुठं जायचं नाही."

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. सासऱ्याचा शब्द, तोही सणाच्या दिवशी, शेजारणींसमोर! मुकाट्याने पान मांडलं.

मामाचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने चण्याच्या डाळीची खीर बोटाने चुरली, फुंकली, आणि लुसीच्या ओठांशी नेली.

"आई, घे. तुझ्यासारखी नाही जमली."