राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीमागचा माणूस

साठी उलटलेल्या माणसाने वाचनालयात येऊन पोरासोरांची चित्रकथांची पुस्तकं मागावीत, यात मला काही वावगं वाटत नाही. ज्याची त्याची आवड. पण तात्या ती पुस्तकं वाचायचे कशी, हे सांगितल्याशिवाय माणूस कळायचा नाही. मुखपृष्ठावर मुखवटा घातलेला, विजारीवरून चड्डी चढवलेला वीर एका हातावर विमान तोलून उभा असायचा. तात्या त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. भराभर पानं उलटत जायचे, एका पानावर थांबायचे आणि म्हणायचे, "हां! हितं हाय बघा राष्ट्राध्यक्ष."

मग त्या राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीमागे जो कोणी चष्मेवाला, काखेत फाईल मारलेला इसम उभा असेल, त्याच्यावर बोट ठेवायचे. "आन् ह्यो सल्लागार. शत्रू राजधानीत घुसंस्तवर ह्यो बाबा काय करत हुता?"

मी तासगावच्या बाजारपेठेतल्या एका छोट्या वाचनालयाचा ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे झाडण्यापासून कुलूप लावण्यापर्यंत सगळं. बेदाण्याचे व्यापारी फुकट वर्तमानपत्र वाचायला यायचे आणि वाचता वाचता तिथंच सौदे करायचे, त्यांच्यावर खेकसणं हे माझं मुख्य काम. तात्यांवर मात्र खेकसून उपयोग नसे. ते कोणालाच नावाने हाक मारत नसत, हुद्द्याने मारत. मी 'ग्रंथपाल', चहावाला 'पुरवठा अधिकारी', आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, 'गृहखातं'. "आज गृहखातं नाराज हाय, ग्रंथपाल. उशिरापत्तूर बसतो."

बसा म्हणावं! पण हे गृहस्थ पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने शेरे मारायचे. एका पुस्तकात वीराने नदीवरचा अख्खा पूल उपटून एका यंत्रराक्षसाच्या टाळक्यात हाणला होता. पोरं ते पान बघून टाळ्या पिटायची. तात्यांनी त्याखाली लिहिलं होतं: 'पूल काढण्यापूर्वी परवानगी घेतल्याचे दिसून येत नाही. वाहतूक कोणत्या मार्गाने वळविली? खुलासा व्हावा.'

मी भडकलो. म्हटलं, "तात्या, हे वाचनालयाचं पुस्तक आहे, कचेरीतली फाईल नव्हे!"

"शेरा मारल्याबिगार कागद फुडं सरकत न्हाई, ग्रंथपाल," ते शांतपणे म्हणाले. "आन् मला सांगा, ह्यो उडता गडी आला कुनाच्या ठरावानं? त्यो कुनाला इचारतो? पूल मोडून गेला निघून. आता राष्ट्राध्यक्षाला लोकं धरनार. सल्लागारानं आधीच सांगाय नगं, की साहेब, ह्याला बोलवा, पन पुलापास्नं लांब ठेवा?"

मी कपाळाला हात लावला आणि खोडरबर शोधायला लागलो.

पुढे पुढे मला त्यांचं शास्त्र पाठच झालं. सल्लागाराची मिशी बारीक असली की तो शत्रूला फितूर. दाढी टोकदार असली तर राष्ट्राध्यक्षाच्या मुलीवर डोळा. आणि दाढीमिशी काहीच नसली, तर तो नुसता 'होय महाराज' म्हणणारा. तात्यांचा सगळ्यात जास्त राग या तिसऱ्यावर. "फितूर परवडला गड्या," म्हणायचे, "त्याला निदान सोताचं मत हाय!"

एका पुस्तकात शत्रूने राष्ट्राध्यक्षाला पळवून त्याच्या जागी हुबेहूब तोतया बसवला होता. तात्या चवताळून उठले. बेदाण्याचे व्यापारीसुद्धा सौदा थांबवून बघायला लागले. "खोटं हाय हे! साफ खोटं! पंदरा वर्सं मागं हुबा ऱ्हायलेल्या मानसाला नुसत्या खोकण्यावरनं कळतं, आपला साहेब हाय का दुसरा कोन. आन् ह्याला म्हनं चार पानं पत्ता न्हाई!"

हे बोलताना त्यांचा आवाज चिरकला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे पुस्तकाबद्दल चाललेलं नाही.

खरं काय ते काकूंनी सांगितलं. तात्या आजारी पडले म्हणून मी घरी गेलो होतो. शेजारच्या तालुक्याचे एक सभापती, सगळे त्यांना आबासाहेब म्हणत, त्यांचे तात्या पंधरा वर्षं चिटणीस होते. भाषणं लिहायची, अर्ज लावायचे, कुठल्या गावात कुणाच्या मातीला जायचं आणि कुणाच्या लग्नाला, हे सांगायचं. सात वर्षांपूर्वी निवडणूक लागली. आबासाहेबांच्या मळ्यावर, घराच्या पुढच्या सोप्यात चाळीसएक माणसं जमलेली. जो तो म्हणत होता, साहेब, गुलाल आपलाच. आबासाहेबांनी तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, "साहेब, ह्या बारीला ऱ्हाऊ द्या. लोकं तुमच्यावर चिडली न्हाईत, पन कटाळल्यात."

 आबासाहेब म्हणाले, "चिटणीस, तुमचं काम झालं."

आबासाहेब निवडणुकीला उभे राहिले आणि सपाटून पडले. पडल्यावर तरी बोलावतील असं तात्यांना वाटलं. पण सल्ला चुकला तर माणूस सल्लागाराला माफ करतो, बरोबर ठरला तर करत नाही. सात वर्षांत एक चिठ्ठी नाही. निवडणुकाही लांबत गेल्या, त्यामुळे निमित्तही नाही.

"आवं, आजून रोज वाट बघत्यात," काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "बोलावनं आल्याबिगार जायाचं न्हाई, आसा हेका. आन् मानूस तर झुरतंय. पोरगं मिल्ट्रीतनं लिवतंय, आई-तात्या हिकडं या. तर म्हनत्यात, मी गेलो आन् साहेबांचा मानूस आला तर?"

आतून तात्या ओरडले, "गृहखात्यानं गुपितं फोडू नयेत!"

बरे होऊन आल्यावर त्यांनी आपण होऊनच विषय काढला. हातात पुस्तक होतंच. राष्ट्राध्यक्षाच्या दरबारात सगळे सेनापती बसलेत आणि सल्लागार हात वर करून सांगतोय, महाराज, हे युद्ध आपण हरणार. तात्या बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले.

"बरोबर बोलतोय ह्यो," म्हणाले. "पन जागा चुकली. एकट्यात सांग की लेका! एवढ्या मानसांत सांगितल्यावर राजा व्हय कसा म्हनंल? त्याला तोंड दाखवायचं असतं." थोड्या वेळाने पुस्तक मिटून म्हणाले, "माझा सल्ला चुकला न्हाई, ग्रंथपाल. मी चुकलो."

खोडरबर माझ्या हातातच राहिला. त्या दिवसापासून मी त्यांचे शेरे पुसायचं बंद केलं.

शेवटी निवडणुका लागल्या. आणि एका सकाळी आबासाहेबांचा जुना ड्रायव्हर वाचनालयाच्या दारात उभा राहिला. जीप कधीच विकली होती, तो एस्टीने आला होता. "तात्या, साहेबांनी बोलावलंय. फारम भरायचा का नगं, ते तुमाला इचारायचंय म्हनं."

तात्यांनी पहिल्यांदा धोतर झटकलं, मग टोपी सारखी केली, मग पुन्हा धोतर झटकलं. मला म्हणाले, "ग्रंथपाल, कुलूप लावा. तुमी चला बरुबर."

"मी कशाला?"

"माझं पाय लटपटत्यात," ते म्हणाले. एवढं खरं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी कुलूप लावलं. व्यापारी कुरकुरले, कुरकुरू देत.

मळ्यावर सोप्यात पाचसहा तरुण मंडळी पत्रकांची चळत घेऊन बसली होती. आबासाहेब मधोमध, कडक इस्त्रीचा सदरा आणि नवी टोपी घालून. सदऱ्याची गळपट्टी मात्र मानेभोवती सैल पडलेली. माणूस आटला होता. तात्या वाकून पाया पडले. 

"साहेब, गुलाल आपलाच!" एक जण उगीचच म्हणाला.

"तात्या," आबासाहेब म्हणाले, "सांग. उभं ऱ्हाऊ का?"

सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या.  पण तात्या म्हणाले, "साहेब, लय तान लागलीया. आत जाऊन पानी पिऊ का?"

आबासाहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि काठी टेकत उठले. "चल. मीच देतो."

दोघं माजघरात गेले. मी दाराशीच बसलो होतो. ऐकू नये असं ठरवूनही मला सगळं ऐकू आलं.

"बोल आता."

"नगं, साहेब. आनामत जाईल."

 मग आबासाहेब खोकले, आणि म्हणाले, "मलाबी ठावं हाय."

"मग इचारलं कशाला?"

"सात वर्सांत मला कुनी नगं म्हनलं न्हाई रं. त्या दिवशी तुला घालवलं ते चुकलं माझं. पन बोलवू कुठल्या तोंडानं?" तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. "तात्या, जिंकाय कोन निघालंय? म्हातारी गेली. पोरं पुन्याला. फारम भरला तर निदान महिनाभर सोप्यात मानसं येत्यात. च्या हुतो, बोलनं हुतं. न्हाई भरला तर उद्यापासनं हितं कुत्रंबी फिरकायचं न्हाई."

 मला वाटलं, आता तात्या म्हणणार, भरा साहेब, भरा फॉर्म. मी असतो तर म्हणालो असतो.

"फारम नगं," तात्या म्हणाले. "मी येतो की."

"एक दिस येशील."

"रोज येतो."

"येऊन करनार काय?"

"आता दोघांस्नीबी काय काम हाय, साहेब? बसू."

बाहेर आले तेव्हा आबासाहेबांचा हात तात्यांच्या खांद्यावर होता. सोप्यातल्या मंडळींना ते म्हणाले, "मी उभा ऱ्हात न्हाई. तात्यानं नगं म्हनून सांगितलंय." ठणठणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तात्यांनी मान खाली घातली.

तरुण मंडळी चहा पिऊन, पत्रकं गोळा करून, एकेक करून निघून गेली. आबासाहेब म्हणाले होते तसंच झालं, अर्ध्या तासात सोपा मोकळा पडला. आम्ही निघालो तेव्हा उन्हं कलली होती. आबासाहेब काठी टेकत फाटकापर्यंत आले. एस्टी दिसायला लागली तसे ते घाईघाईने पुढे झाले.

"तात्या, उद्या किती वाजता येशील?"

"पयल्या एस्टीनं, साहेब."