देशी, मोफत, आत या

“सहा महिन्यांत या अंगणात पन्नास जातींचे जीव गुण्यागोविंदाने नांदतील! लिहून ठेव!” मापारींनी चहाचा कप बशीत आपटून जाहीर केलं.

“डास, झुरळं आणि ढेकूण धरून ना?” त्यांच्या पत्नी मेट्रनबाई टोपीला पिना लावत म्हणाल्या. “त्याला सहा महिने कशाला? मी चार दिवस झाडणं बंद करते.”

मापारी हे त्यांचं आडनाव नव्हे. बत्तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडल्यामुळे लोकांनी ठेवलेलं ते नाव! माणूस असा काटेकोर, की शिंक आली तरी रुमालाची घडी मधोमध पडली आहे ना हे बघून मगच शिंकणार. निवृत्त झाल्यावर मात्र मोजायला काही उरलं नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले डबे मोजले. दुसऱ्या महिन्यात बायकोने भाजीत घातलेलं मीठ तोलून पाहिलं. त्याच दिवशी बायकोने त्यांना अंगणाचा रस्ता दाखवला.

आता अंगण म्हणजे काय, तर चार भिंतींच्या आत चोपून बसवलेली माती, एक नळ आणि कपड्यांची दोरी. मेट्रनबाई इस्पितळात जशी फरशी पुसून घेत, तसंच घरी अंगण झाडून घेत. गवताचं पातं उगवलं की दुसऱ्या दिवशी त्याला डिस्चार्ज! मुंगीसुद्धा त्या अंगणात पाय पुसून यायची आणि लाजून परत जायची.

मापारींच्या डोक्यात हे खूळ भरलं लेकीने. लेक दुसऱ्या गावी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. “बाबा, शोभेची परदेशी झाडं नकोत हं,” तिने फोनवर बजावलं होतं. “आपल्या मातीतली देशी झुडपं लावा. फुलं आली की किडे येतील, किडे आले की पाखरं येतील, आपोआप!”

“सहा महिने दिले,” मेट्रनबाईंनी निकाल दिला. “तोवर एकही जीव आला नाही, तर सगळीकडे फरशी. फरशीवाल्याला आजच सांगून ठेवते.”

मापारी कामाला लागले. जुना टब जमिनीत पुरून तळं केलं. लाकडं रचली. दगड रचले. रोज सकाळी वही घेऊन खुर्चीत बसायचे. पाच महिने झाले, तळ्याला कोणी तोंड लावलं नाही. वहीत एकच नोंद होती: ‘एक मांजर. शेजारचं. थांबलं नाही.’

लेकीने पाठवलेलं बी मात्र त्यांनी मनापासून पेरलं होतं. “दहातलं एखादंच रुजतं, जास्त टाका,” असं ती म्हणाली होती. मापारींना हवी होती चाळीस झुडपं. त्यांनी मोजून चारशे बिया पेरल्या, आणि औषधाच्या ड्रॉपरने प्रत्येकीला चार-चार थेंब पाणी पाजलं. एवढे लाड झाल्यावर न रुजून सांगतात कुणाला? चारशेच्या चारशे रुजल्या!

दुधाच्या पिशव्यांत रोपं, कपांत रोपं, जिन्यावर रोपं. न्हाणीघरात तर अशी गर्दी, की मेट्रनबाईंना उभ्याने अंघोळ करावी लागली, तीही एका पायावर.

“आज संध्याकाळी मी ड्युटीवरून येईन,” त्या दारातून म्हणाल्या, “तेव्हा घरात एक तर ही रोपं असतील, नाही तर मी!”

मापारींनी फळी घेतली. लिहायचं होतं: ‘देशी झाडांची रोपं मोफत मिळतील. आत या.’ पण पाटी लांबून वाचता आली पाहिजे, हा त्यांचा खात्यातला शिरस्ता. अक्षरं घेतली वीतभर. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढणाऱ्या माणसाचं स्वतःचं माप इथेच चुकलं! ‘देशी’, ‘मोफत’, ‘आत या’ एवढ्यातच फळी संपली. मग ‘झाडांची रोपं’ त्यांनी अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत कोंबलं. पाटी फाटकाला बांधली, आणि फाटकाच्या आडव्या सळईने ती ओळ अल्लाद झाकून टाकली.

पहिला आला एक रंगारी. कपड्यांवर सात रंग, नाकावर आठवा.

“काका,” तो आवाज खाली घेऊन म्हणाला, “देशी इथंच ना?”

“इथंच! या, या!” मापारी खूश. “किती देऊ? एकाला दोन देतोय.”

“मोफत?”

“एकदम मोफत. मला कटकट आहे हो नुसती घरात.”

रंगाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जगात अशी माणसं अजून आहेत तर! तो कोपऱ्यावर गेला आणि तीन जणांना घेऊन आला. त्या तिघांनी आणखी पाच आणले. अर्ध्या तासात फाटकापासून रस्त्यापर्यंत रांग!

मापारींचा ऊर भरून आला. समाजात निसर्गप्रेम एवढं मुरलेलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. माणसं मुरलेली होती, यात शंकाच नाही. रोपं वाटण्याआधी ते खुर्चीवर चढले.

“एक लक्षात ठेवा! एकदम भरपूर पाणी घालायचं नाही. मान टाकतात!”

“मान तर आपण पाणी न घालताच टाकतो, काका!” मागून कोणीतरी म्हणालं.

“आणि एकट्याने करू नका. घरच्यांना सामील करून घ्या. बायकोला द्या. मुलांच्या हातात द्या! लहानपणापासून सवय लागली पाहिजे!”

रंगारी गहिवरून म्हणाला, “देवमाणूस आहे. पण थोडा वाया गेलेला दिसतो.”

शेजारच्या वकीलबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मापारींचं मुलांबद्दलचं वाक्य ऐकलं, हातातला टॉवेल टाकला आणि थेट पोलीस चौकीला फोन लावला.

दहा मिनिटांत हवालदार हजर. वकीलबाई त्याच्यामागे.

“मालक कोण?”

“मीच. तुम्हालाही हवीत का? पण रांगेत या हं.”

हवालदाराचे डोळे विस्फारले. “मला? ड्युटीवर? माल कुठाय?”

“न्हाणीघरात. आत बघाल तर पाय ठेवायला जागा नाही. चारशे!”

“चारशे! आणि बनवता कुठे?”

“घरीच. सगळं मी स्वतः. म्हणजे शिकवलं लेकीने. ती कॉलेजात हेच शिकवते ना!”

“कॉलेजात?” हवालदाराने वही काढली, पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. “काका, तुम्ही चौकीत चला. हे मला एकट्याला झेपणार नाही.”

‘चौकी’ शब्द ऐकला आणि मापारी खुर्चीवरून उतरले. चेहरा पांढराफटक! बत्तीस वर्षांत कुणाचा चहासुद्धा फुकट न प्यायलेला माणूस! “अहो, पण माझा गुन्हा काय? रोपं वाटणं गुन्हा आहे?”

“कसली रोपं?” हवालदार, वकीलबाई आणि रंगारी एकदम म्हणाले.

नेमक्या त्याच वेळी मेट्रनबाई ड्युटीवरून परतल्या. त्यांनी पाटी पाहिली, रांग पाहिली, हवालदार पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला. सगळं एका दमात उमगलं. त्या हसल्या नाहीत. पर्स नवऱ्याच्या हातात दिली आणि गरजल्या, “एकानेही हलायचं नाही!”

कोणी हललं नाही. कारण त्या रांगेतले निम्मे लोक कधी ना कधी त्यांच्या वॉर्डात निजून गेले होते!

“रंगारी! लिव्हरचं काय सांगितलं होतं तुला?”

“बाई, मी... मी झाडासाठीच आलो होतो.”

“अस्सं? मग धर कुदळ! आणि तुम्ही सगळे झाडासाठीच आलात ना? इकडे ओळीत खड्डे घ्या. इथे आल्यावर रिकाम्या हाताने कोणी जायचं नाही!”

चोपून बसवलेली ती माती मापारींना पाच महिन्यांत टबापुरता खड्डा सोडला तर वीतभरही फोडता आली नव्हती. नऊ जणांनी ती तासाभरात भुसभुशीत केली. हवालदाराने टोपी काढून दोन रोपं लावली. वकीलबाई भिंतीपाशी घुटमळत होत्या. मेट्रनबाईंनी त्यांच्या हातात वीस रोपं ठेवली. नोटीस देणाऱ्या हातांनी त्यांनी ती मुकाट घेतली. उरलेली प्रत्येकाने घरी नेली. रात्री म्हणे त्या भागातल्या कितीतरी बायका नवऱ्याच्या हातात बाटलीऐवजी रोप बघून घाबरल्या.

मापारी पर्स छातीशी धरून पायरीवर बसले होते. “चिडलीस?” त्यांनी हळूच विचारलं.

“चौकीत नेलं असतं तर डबा मलाच आणावा लागला असता,” मेट्रनबाई म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना पदर तोंडाला लावूनही हसू आवरेना.

त्यानंतर अंगणाने कात टाकली. आधी मुंग्या आल्या, मग मधमाश्या, मग फुलपाखरं. एका सकाळी टबात एक बेडूक जावयासारखा ऐसपैस बसलेला! फरशीवाल्याला मेट्रनबाईंनी स्वतः फोन केला. “येऊ नका. सगळे बेड भरलेत.”

आणि पुढच्या वर्षी फाटकाजवळच्या झुडपात बुलबुलाने घरटं केलं. मादी दोन अंड्यांवर बसली, आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. पाटी लावणं आलंच! “या वेळी पाटी मी लिहिणार,” मेट्रनबाई म्हणाल्या. तिसाहून अधिक वर्षं पाट्या लावलेला हात तो. त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं: ‘शांतता राखा. भेटीची वेळ ४ ते ६. एका वेळी एकच जण.’

दुसऱ्या दिवशी बरोबर चारच्या ठोक्याला एक आजीबाई फाटकाशी आल्या. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात लोकरीचं टोपडं.

“अहो, आमच्या सुनेला इथंच आणलंय ना?” त्या धापा टाकत म्हणाल्या. “बाळंतिणीची खोली कुठली?”

मापारींनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा घराकडे. बायकोची चूक दाखवायची संधी सबंध संसारात पहिल्यांदाच चालून आली होती. त्यांनी घसा खाकरला, आत मेट्रनबाईंच्या पावलांची चाहूल लागली, आणि ते अदबीने म्हणाले,

“या ना आजी. तिसऱ्या फांदीवर. पण टोपडी दोन लागतील.”