कंसातल्या टाळ्या

शोधनिबंध लिहायला शिकवावं तर आमच्या कॉलेजात मीच, असं माझं ठाम मत होतं. होतं!

वर्षभर घसा फोडूनही पोरं जांभया द्यायची. म्हणून मी शक्कल लढवली. पुढाऱ्यांची छापील भाषणंच वर्गात वाटली! विधान कसं ठोकावं, विरोधकाला कसं खोडावं, सगळं त्यात आयतं मिळतं.

"अहो, निबंध शिकवताय की निवडणूक लढवताय?" बायको कडाडली. "नोकरी कायम व्हायचीय तुमची. गपगुमान पुस्तकातलं शिकवा ना!"

"तू बघच! प्राचार्यबाई स्वतः पाठ थोपटतील."

वर्गात मी एकच नियम घोटून घेतला. "विधान केलं की लगेच कंसात आधार! आधार नाही, तर मार्क नाही!" पोरांनी एकमताने माना डोलावल्या. खरं तर तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

माझी नोकरी ठरवायला प्राचार्यबाई वर्गात आल्या. पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीचा निबंध उचलून मोठ्याने वाचू लागल्या. "'पाणी उकळून प्यायल्याने आजार टळतात. कंसात, टाळ्या.' हे काय गं?"

"आधार, मॅडम."

"'न उकळणाऱ्यांना जनता माफ करणार नाही. कंसात, प्रचंड टाळ्या.'"

"तो भक्कम आधार!"

अरे देवा! भाषणांच्या त्या प्रतींत वाक्यावाक्याला कंसात टाळ्या छापल्या होत्या, आणि मी शहाणा नुसता युक्तिवाद बघत बसलो होतो.

"आणि एखाद्या मुद्द्यावर मतभेद असले तर?" बाईंनी थंडपणे विचारलं.

"कंसात 'गोंधळ'!" मागच्या बाकावरून आमचा शंकासूर ओरडला.

आता नोकरीच जाते म्हटल्यावर मी उसळलो. "बाई, चूक माझी! पण ही पोरं वर्षात पहिल्यांदा जागी आहेत! ह्यांना पुन्हा झोपवायचं का?" बोलता बोलता माझी मूठ टेबलावर आपटली. सगळा वर्ग टाळ्या पिटू लागला.

"मॅडम, सरांना आधार देतोय!" शंकासूर म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. शेरा लिहून कागद माझ्या हातात दिला आणि निघून गेल्या.

घरी बायकोने दारातच कागद हिसकावला. "'सरांना यंदाच कायम करावे.' अगंबाई, जिंकलात की हो! पण पुढे हे कंसात 'हशा' काय लिहिलंय?"

मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकलो.

"आधार," म्हटलं. "आणखी एक वर्ष कळ काढ."