पटक्यातल्या चिठ्ठ्या

धोंडीमामा तोंड उघडायच्या आधी पटका चाचपायचे. त्याच्या घड्यांत त्यांच्या चिठ्ठ्या असायच्या.

भोकरदनकडच्या आमच्या गावात पंचमीला मारुतीसमोरच्या लिंबाला रंगीत दोऱ्या बांधून गोफ व्हायचा. एकेक दोरी धरून गडी नाचायचे, नाचता नाचता दोऱ्यांची वेणी पडायची, आणि मग उलटं नाचून ती सोडवायची. कुणी कुठून वळायचं, हे मामा ओरडून सांगायचे. विणायच्या चिठ्ठ्या उजव्या कानाकडे, सोडवायच्या डाव्या कानाकडे, अवघड वळणं कपाळावर. चिठ्ठी तळहाताच्या आडोशाला वाचायची नि त्याच घडीत परत खोचायची.

मी त्यांचा सख्खा भाचा. तरी जवळ गेलो की म्हणायचे, "तिकडूनच बोल. तुझी नजर बराबर न्हाई." परगावचा पाहुणा आला, की "हा ऐकून राह्यला" असं पुटपुटत त्याचा मुक्काम हलेपर्यंत मुके व्हायचे.

निजामाच्या अखेरीला सरकारही मामांइतकंच संशयी झालं होतं. एका पंचमीला गोफ विणून झाला, मामांनी डाव्या कानाकडे हात नेला, तेवढ्यात पोलिसांचे अमीनसाहेब जवान घेऊन आले. पटक्यातून कागद निघताना त्यांनी पाहिला. जवानानं तो वाचला, "पिवळ्याला खालून काढा. काळ्याला तिथंच थांबवा."

"ये काला कौन है?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"दोरी हाय, साहेब."

"और पीला?"

"ती बी दोरीच."

अमीनसाहेबांनी लिंबाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि पटका सोडवून सगळ्या चिठ्ठ्या घेऊन गेले.

गडी दोऱ्या धरून तसेच उभे. मामांनी एक वळण सांगितलं, दुसरं सांगितलं आणि थांबले. उघड्या डोक्यावरून नुसताच हात फिरवत राहिले.

"तांबड्यानं वरून निघा," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "हिरव्यानं थांबा."

मामी होत्या. गडी हलले. मामी सांगत गेल्या, वेणी सुटत गेली. मामा त्यांच्याजवळ गेले.

"तू कवा चोरलंस?"

"चोरायचं काय त्यात? मोट हाकताना सारखं बडबडता. बैलं नि मी, दुसरं कोण असतंय ऐकायला?"

मामा अगदी हळू म्हणाले, "आता तुला बी येतंय म्हणल्यावर मला कोण बोलवील?"

त्यांना कशाची भीती होती, ते मला तेव्हा कळलं.

मामींनी पदर सारखा केला. "मला इथवरच येतंय," त्या म्हणाल्या. "म्होरलं तुमीच सांगा."

मामांनी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. मग खाकरले, लिंबाखाली जाऊन उभे राहिले आणि पुढचं वळण सांगितलं. ते चुकलं. मामी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटल्या. मामांनी ते बघितलं, बरोबर वळण सांगितलं, आणि गोफ सुटेपर्यंत मामींच्या तोंडावरची नजर हलवली नाही.