पगाऱ्यांचे बारा बुश

आमच्या शेजारचे पगारे गाड्या बघत नसत, ऐकत असत. रस्त्याने ट्रक जावो, टेम्पो जावो की एस.टी., ते बोलता बोलता मान तिरकी करायचे आणि गाडी वळणापलीकडे गेली की निकाल द्यायचे, "मागचा डावा बुश गेला."

बुश म्हणजे काय हे मला त्यांच्यामुळेच कळलं. चाकांच्या वर लोखंडी पाटे असतात. ते पाटे गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतात तिथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मधे रबराची एक आखूड नळी बसवतात. ती झिजली की गाडी कुरकुरते. माणसांची निम्मी भांडणंही मधलं रबर गेल्यामुळेच होतात, असं पगाऱ्यांचं मत होतं.

एकदा गल्लीतल्या लग्नात नवरदेवाची भाड्याची मोटार मांडवापाशी येऊन थांबली. सगळे पुढे सरसावले. पगारे गंभीर चेहऱ्याने मुलीच्या वडिलांच्या कानाला लागले आणि म्हणाले, "पुढचे संपलेत." ते बिचारे लाडू संपले समजून आचाऱ्याकडे धावले.

मी शाळामास्तर. जिना चढताना माझा गुडघा वाजायचा, त्यावरही त्यांनी हाच निकाल दिला होता. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात ते फिटर होते. दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात उभं राहून आल्यामुळे असेल, घरात त्यांना आवाज म्हणून चालत नसे. दारांच्या बिजागऱ्या, पंखा, शिवणयंत्र, पाळीपाळीने सगळ्यांना तेल मिळायचं. त्या घरात कमलवहिनींच्या बांगड्याच काय त्या वाजत.

अशा माणसाने ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास सरकारी लिलावातून जुनी जीप आणली, आणि ती आमच्या गंगापूर रोडच्या भागातली सगळ्यात कुरकुरणारी गाडी निघाली. ती कोपऱ्यावर आली की वहिनी चहाचं आधण ठेवायच्या. लोक हसत. पगारे हसत नसत. बुश बदलायचे हे ठरलेलंच होतं, पण बाजारातलं रबर त्यांना पसंत पडेना. एक संच त्यांनी दाबून पाहिला आणि हा चपलेच्या लायकीचा आहे म्हणून परत केला. दुसरा वास घेऊनच परत केला. असे चार-पाच महिने गेले.

मग एका रविवारी सकाळी नवा संच हातात घेऊन त्यांनी मला हाक मारली. पाटा पहारीने उचलून धरायला माणूस हवा होता. एका पाट्याला तीन बुश, पाटे चार, म्हणजे बारा. आदल्या तीन दिवसांपासून नटांना रॉकेल पाजून ठेवलं होतं, तरी पहिला नट सुटायला तास गेला. जॅक लावून गाडी उचलली, सांगाड्याखाली लाकडी ठोकळे सरकवले आणि पगारे खाली गेले. त्यानंतर दिवसभर मला त्यांचे पायच दिसत होते. वहिनी चहा आणून चाकाशी ठेवत, एक काळा हात बाहेर येई आणि कप आत जाई.

जुनं रबर चघळून टाकलेल्या सुपारीसारखं बाहेर आलं. त्याच्या भोवतीची गंजलेली नळी हॅकसॉचं पातं आत घालून कापावी लागली. नवा बुश आत सरकावा म्हणून साबणाचं पाणी हवं होतं. पगाऱ्यांनी न्हाणीतली वडी घेतली. ती वहिनींची, माहेरून आलेली, वासाची होती हे त्यांना नंतर कळलं. पुढचा चहा बिनसाखरेचा आला, मलाही.

एक नट मी आपल्या हुशारीने आवळायला घेतला, तर खालून माझं मनगट धरलं गेलं.

"गुरुजी, लटकत्या गाडीचा नट आवळायचा नाही. तिचं वजन तिच्या पायांवर येऊ द्या, मग आवळा. नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलंच राहतं."

एवढा चोखंदळ माणूस, पण त्या दिवशी घाईत होता. जेवायलाही बाहेर आला नाही. दिवस मावळायच्या आत बारावा बुश बसला, गाडी चाकांवर उभी राहिली, मग सगळे नट आवळले. तेव्हा त्यांनी विचारलं, मंगळवारी रजा मिळेल का? पेठ रस्त्याला त्यांच्या गावी जायचं होतं. थोरल्या बहिणीला इस्पितळात आणायचं होतं आणि उचलायला दोन माणसं लागत होती.

मंगळवारी निघालो. मी पुढे, वहिनी मागे. जीप इतकी मुकाट चालत होती की मी तारीफ केली. पगारे समोर बघतच सांगायला लागले. आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते, आक्कानेच वाढवलं. उन्हाळ्यात आक्का विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ते नीट सांधलं नाही. मागच्या महिन्यात याच जीपमधून तिला तपासायला आणलं होतं. सगळ्या वाटेत तिने तक्रार केली नाही, म्हणून ते खुशीत होते. घरी आल्यावर वहिनींनी सांगितलं की आक्का गावापासून कण्हत होती आणि त्याला सांगू नको म्हणत होती.

"गाडी एवढी कुरकुरत होती गुरुजी, की मला ऐकूच आलं नाही," पगारे म्हणाले. "आणि मी चार महिने रबराचे वास घेत बसलो होतो."

आक्काला आम्ही गोधडीसकट उचलून मागे आडवी केली. चिमूटभर बाई, मला म्हणाली, "मास्तर, माज्यापायी तुमची शाळा बुडली." परतीला पगारे खड्डे चुकवत, माणूस चालेल त्या वेगाने निघाले. घाट ओलांडला, आणि एका साध्याशा गचक्यानंतर त्यांची मान तिरकी झाली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी गाडी हळूच बाजूला घेऊन बंद केली.

"का रं थांबला?" मागून आक्काने विचारलं. आवाज ओढलेला होता.

"इंजिन तापलंय, आक्का. जरा निवू दे."

मी समोरच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा मधोमधही आलेला नव्हता. पगारे खाली उतरले आणि बॉनेट उघडून त्याच्या आड उभे राहिले. हातात फडकं होतं, पण ते काही पुसत नव्हते. डोळे मिटून नुसते ऐकत होते. बऱ्याच वेळाने मागचा श्वास संथ झाला. मग त्यांनी बॉनेट आवाज न करता लावलं.

नाशिक येईपर्यंत ते इंजिन आणखी चार वेळा तापलं.